गळलेलं वाक्य

“थांबा! पेन्सिल मोडली! आता एक शब्द पुढे जाणार नाही!” संपादक व्यासपीठावरून ओरडले आणि गोदाकाठची कबुतरं उडाली ती थेट विंचूरला उतरली. खोटं वाटत असेल तर विंचूरच्या टांगेवाल्याला विचारा.

पेन्सिल मोडली होती पहिल्या रांगेतल्या पोलीस रिपोर्टरची. इंग्रजी अमलाच्या त्या दिवसांत जाहीर भाषण म्हटलं की सरकारचा माणूस समोर बसून शब्दन् शब्द टिपून घेई. त्याला पाहून भल्याभल्या वक्त्यांना खोकला लागायचा. आमच्या संपादकांनी खाली उतरून आपली लाल पेन्सिल त्याच्या हातात दिली. “हं रावसाहेब, लिहा. शब्द गाळायचा नाही!”

ही गर्जना माझ्या रोजच्या ओळखीची. त्यांच्या साप्ताहिकाच्या छपाईचे खिळे, म्हणजे शिशाची अक्षरं, मी जुळवायचो. एखादा अनुस्वार गळला तरी ते असे ओरडत, की खिळे घाबरून आपापल्या घरात जाऊन बसत.

भाषणाचा विषय होता ‘सत्ता आणि वर्तमानपत्र’. गावाचं पाणी एका बड्या साहेबाच्या बागेकडे वळवलंय, हे या गृहस्थांनी जमिनीवर काठी आपटत, नळाच्या मागे चालत चालत शोधून काढलं होतं. शेवटी निघाले ते साहेबाच्या गुलाबांत. कुत्रा मागे लागला. त्याचीही मुलाखत घेतली असणार.

“आपल्या विहिरी कोरड्या, साहेबाचं गवत हिरवं! आणि आम्ही छापायचं काय? तर साहेबाच्या गुलाबाला मिळालेलं बक्षीस!”

लोक हसून लोळले. मग संपादक हळू आवाजात म्हणाले, “असलं सरकार उलथून टाकलं पाहिजे.”

हसू जागच्या जागी थांबलं. तेव्हा एवढ्या एका वाक्याला तुरुंग होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी रिपोर्टर संपादकांना पेन्सिल परत करायला छापखान्यात आला. “साहेब, भाषण नीट उतरलंय का, तेवढं बघता?” मी मान लांब करून वाचलं. ते वाक्य त्यात नव्हतंच! रिपोर्टरने माझ्याकडे बघून हळूच डोळा मिचकावला. देवमाणूस!

पण संपादकांच्या हातात आता लाल पेन्सिल होती. लग्नपत्रिका आली तरी हे आधी ऱ्हस्व-दीर्घ तपासणार, मग नवरा कोण ते बघणार.

“एक वाक्य गळलंय.”

“गळू द्या की हो. मला ऐकूच आलं नाही.”

“ऐकू आलं नाही? माझं?”

मी टेबलाखालून त्यांचा पाय दाबला. “पाय कशाला दाबतोस रे?” म्हणून माझ्यावरच ओरडले. ओळीत खूण केली, समासात ते वाक्य सुवाच्य अक्षरात लिहिलं आणि खाली झोकात सही ठोकली. रिपोर्टर कागद घेऊन निघाला, तो शिक्षा त्यालाच झाल्यासारखा.

संपादकांना सहा महिन्यांची सजा झाली. खुर्ची रिकामी. छापखाना इतका शांत, की मी मुद्दाम दोन-चार अनुस्वार गाळून पाहिले. कोणी ओरडलं नाही.

मग तुरुंगात भेटायला गेलो. तिथल्या नियमांच्या पाटीवर खडूने तीन दुरुस्त्या केलेल्या होत्या. अक्षर ओळखीचं.

“एक वाक्य गळलं असतं तर काय बिघडलं असतं हो?” मी गजांतून विचारलं.

“बोललो होतो ना,” ते म्हणाले.