एकेचाळीस नंबरचा कोपरा

कुनिए ओइकावाला त्या दिवशी सकाळपासून चैन नव्हती. सहा वर्षांपूर्वी त्सुनामीने गाव नेलं, आणि आता त्याच जागी दहा मीटर भराव घालून नवं गाव वसत होतं. भराव नीट दाबला गेलाय का, हे तपासणं तिचं काम. आज पाळी एकेचाळीस नंबरची, म्हणजे तिच्या सासूबाईंच्या प्लॉटची. शहाऐंशी वर्षांच्या तोमीबाईंनी तात्पुरत्या वसाहतीच्या खोलीत सहा हिवाळे काढले होते. रोज एकच विचारायच्या, "यंदा बर्फाआधी जाऊ ना गं?"

नमुन्याचा खड्डा कुठे घ्यायचा, हे खरं तर तपासणाऱ्याने ठरवायचं. पण मुकादम हाताकेयामा प्लॉटच्या मधोमध, रोलर भरपूर फिरलेल्या जागी, आधीच झेंडी रोवून ठेवायचा. माणूस गोड, भर उन्हात गार चहा पुढे करणारा. कुनिए मुकाट्याने तिथेच खणायची. भीड भिकेची बहीण म्हणतात, ते उगाच नाही.

आज मात्र ती झेंडी ओलांडून थेट कोपऱ्यात, भरावाच्या कडेच्या भिंतीला खेटून बसली. तिथे मोठा रोलर पोचतच नाही.

"ओइकावासान, तिथे कशाला? हात दाखवून अवलक्षण!"

"इथे आईंचं स्वयंपाकघर येणार आहे."

तिने वीतभर खड्डा खणला, निघालेली माती तोलली, खड्ड्यात बरणीतली कोरडी वाळू ओतून त्याचं माप घेतलं. थोडी माती तव्यावर भाजून तिच्यात पाणी किती होतं ते पाहिलं. गणित दोनदा केलं. दाबणी नव्वद टक्के हवी होती, आली पंच्याऐंशी.

हाताकेयामा शेजारी उकिडवा बसला. "हे लिहिलंत तर सगळं उकरायचं. आता पाऊस, मग बर्फ. म्हातारी पुढच्या उन्हाळ्यापर्यंत लटकली." मग आवाज खाली आणून म्हणाला, "दोन हात इकडे सरका की. कोण बघतंय?"

आपल्याच हाताने आईंचं घर लांबणार होतं. तरी आकडा लिहून ती उठली.

संध्याकाळी तोमीबाई मुळा किसत होत्या. कुनिएने उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. आता म्हातारी रडणार, असंच तिला वाटत होतं.

"सहा काढले, सातवाही काढीन. नाही काढला तर तू सुटलीस!" म्हातारी हसली. मग किसणी थांबली. "चाळीस नंबर आपल्या समोरच्या मिसाओचा ना? तिचाही कोपरा असाच बघितलास ना गं?"

मिसाओच्या नव्या घराची तुळई गेल्याच रविवारी चढली होती. रिवाजाप्रमाणे वरून उधळलेले मोचीचे, म्हणजे तांदळाच्या पिठाचे, गोळे या सासूसुनांनीच हसत हसत झेलले होते.

"तिथे झेंडीजवळ खणलं होतं, आई. कोपरा बघितलाच नाही."

"मग तिला जाऊन सांग. मी नाही सांगणार."

मिसाओची खोली समोरच्याच रांगेत होती. दार उघडं होतं. ती जमिनीवर कापड पसरून नव्या घराचे पडदे बेतत होती.

"ये ये, बरी आलीस," ती म्हणाली, "हे टोक जरा धर."