राजनांदगावला तापणारं चाक

कांता गजभियेचं माहेर नागपूरचं. पण नवऱ्याच्या व्हॅनमधून ते कधी आलंच नाही. भिलाईहून निघालेली गाडी राजनांदगावपर्यंत गुमान जायची. तिथे नवरा, बळीराम, उतरून पुढच्या चाकाला हात लावायचा, चटका बसल्यागत मागे घ्यायचा आणि म्हणायचा, बेअरिंग गरम झालं, पुढे जाण्यात जोखीम आहे. मग समोसे खायचे, चाक थंड होऊ द्यायचं आणि हळूहळू भिलाईच्या सेक्टर ६ मधल्या घरी परत. रेल्वेनं जाऊ म्हटलं तर घरची गाडी असताना तिकीट कशाला, हे ठरलेलं.

आता गंमत बघा. हा बळीराम स्टील प्लांटात जन्मभर ग्रीस भरत आलेला माणूस. चिमूटभर ग्रीस बोटांत चोळून, वास घेऊन सांगायचा, हे कुठल्या मशीनचं. त्याच्याच गाडीचं चाक तापावं? कांता मनात म्हणायची, दिव्याखाली अंधार, दुसरं काय.

पण यंदा तिच्या भावाच्या, शालिकरामच्या मुलीचं, निशाचं लग्न होतं. निशाला कांतानं अंगाखांद्यावर खेळवलेलं. या लग्नाला पोचलो नाही तर माहेरी तोंड दाखवायला जागा राहणार नाही, ही धास्ती तिला लागली. बळीराम मित्राकडे गेल्याचं पाहून तिनं लेकीला, रीनाला, गाडी काढायला लावली आणि हुडको वसाहतीत रोशन मेकॅनिकचं गॅरेज गाठलं.

रोशननं चाक उघडलं आणि कपाळाला हात लावला. आत काळं ग्रीस होतं. तो म्हणाला, हे सस्पेन्शनच्या जोडांचं, धक्के सोसणारं. चाकाच्या बेअरिंगला ब्रेकची गरमी झेलणारं लाल लागतं. हे काळं तर गरमीनं पातळ होऊन वाहून गेलेलं. कांता म्हणाली, तुझ्या काकांना तेवढं कळलं नसेल.

रोशन हसला. "काकू, हे तं मले काकाजीनंच शिकवलं."

कांताचं डोकं सणकलं. म्हणजे बुवा जाणूनबुजून काळं भरत होता! कारणही तिला लगेच उमगलं. स्वतःच्या लग्नात बळीराम शिफ्टवरून थेट मांडवात आला होता आणि हार घालताना नवरीच्या पांढऱ्या साडीवर त्याची ग्रीसनं काळी झालेली पाचही बोटं उमटली होती. तेव्हापासून शालिकराम प्रत्येक कार्यात माईक हातात घेऊन हाच किस्सा रंगवायचा. व्हॅन घेतली नव्हती तोवर बळीराम तिथे खाली मान घालून बसायचा. कांताला नवऱ्याचा राग आला, पण कीवही आली. बिचाऱ्यानं एकदाही तोंडानं सांगितलं नव्हतं.

तिनं चाकं साफ पुसून लाल ग्रीस भरायला सांगितलं. पुसून काढलेलं थोडं काळं बामाच्या रिकाम्या डबीत मागून घेतलं.

लग्नाच्या दिवशी राजनांदगावला बळीराम सवयीनं उतरला. चाकाला हात लावला. मग दुसऱ्याला. चारही चाकं चाचपून तो गाडीत येऊन बसला. चेहरा पार उतरलेला. कांतानं समोशांचंही नाव काढलं नाही.

नागपुरात मंगल परिणय झाला, जेवणं उरकली आणि शालिकरामनं माईक धरला. जवाईबापूंचा किस्सा ऐका, म्हणाला. तोवर कांता मागून गेली, आणि दादा, लग्न लई झकास केलंस म्हणत तिनं त्याच्या पाठीवर प्रेमानं थाप मारली. शालिकरामनं किस्सा सुरू केला. काळ्या बोटांची गोष्ट येता येता तो नेमका नवरीकडे वळला आणि त्याच्या पांढऱ्याशुभ्र कुर्त्यावरची पाच काळी बोटं साऱ्या मांडवानं पाहिली. असा हशा उसळला की शालिकरामला वाटलं, किस्सा आज फारच जमला. तो आणखी जोरात सांगू लागला.

कांता येऊन नवऱ्याशेजारी बसली. बळीरामनं मेव्हण्याची पाठ पाहिली, मग बायकोचा तळवा. तिचा हात धरून त्यानं ग्रीस बोटांत चोळलं, वास घेतला.

"सस्पेन्शनचं आहे," तो हळूच म्हणाला. "चाकात नाही चालत हे."