मैदानाचे टायर, ट्रॅकचे टायर

टायरमध्ये नख रुतवून बघायची सवय मला गावाकडची. नववीत शाळा सुटली आणि भंडाऱ्याच्या रस्त्यावर ट्रॅक्टरचे टायर काढणाऱ्या एका दुकानात मी लागलो. तिथे अंगठ्याचं नख रबरात दाबायचं. रुतलं तर नरम, नाही रुतलं तर कडक. नरम टायर माती चांगली धरतो, कडक टायर जास्त दिवस जातो. एवढ्या विद्येवर मी पुण्यात आलो आणि खराडीतल्या या दुकानात आज आठ वर्षं पोट भरतोय.

मालक शनिवार पेठेतले. आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो. मला ठेवून घेतलं तेव्हा त्यांनी ना दाखला मागितला, ना कोणाची ओळख. "नट कोणत्या बाजूला फिरवला की सुटतो, एवढं माहीत आहे ना? मग उद्यापासून या." सातशे-आठशे किलोमीटरवरून आलेल्या माणसासाठी ते वाक्य केवढं होतं, हे त्यांना कधी कळलं नसेल. पण त्या उपकाराची मला भीतीही वाटते. एखादी मोठी चूक झाली की यांच्या लक्षात येईल, अरे, याला तर काहीच येत नाही. ही भीती घेऊनच मी रोज शटर वर करतो.

मागच्या हिवाळ्यात आयटी पार्कातली एक बाई दुकानात आली. लहानशी लाल गाडी, पण नीट राखलेली. म्हणाली, "दादा, मला दोन कामांसाठी एकच सेट हवाय." एक काम म्हणजे ऑटोक्रॉस. मोकळ्या मैदानावर प्लास्टिकचे शंकू मांडतात, एका वेळी एकच गाडी त्यांच्यामधून वळत-वळत पळते आणि मिनिटभरात खेळ संपतो. दुसरं काम ट्रॅक डे. दक्षिणेत रेसचा खराखुरा ट्रॅक आहे, तिथे आपली गाडी नेऊन एका वेळी वीस-वीस मिनिटं, जमेल तेवढ्या वेगाने फेऱ्या मारायच्या. मैदानावरचा खेळ पुढच्या रविवारी होता, ट्रॅक महिन्याभराने.

"दोन्हीकडे चालेल असा कोणता?"

काका वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाले, "त्याला विचारा. टायरमधलं त्याला कळतं. मी नुसता मालक आहे."

मी तिच्या मापाचे दोन टायर बाहेर काढले. टायरच्या कडेवर झिजेचा एक आकडा कोरलेला असतो. आकडा लहान असेल तर रबर नरम. दोन्ही टायरांवर आकडा एकच होता. दोन्हींसोबत इंग्रजी माहितीपत्रकं होती, ती मी ड्रॉवरमध्ये सारली आणि नख लावलं. एकात जास्त रुतलं.

"हा घ्या ताई. दोन्हीकडे चालते."

"नक्की?"

मला माहीत नव्हतं. तोंडापर्यंत आलंही होतं, की ताई, मला माहीत नाही. पण काकांचं वर्तमानपत्र चार बोटं खाली आलं होतं.

"नक्की," मी म्हणालो.

रविवारी तिने मला मैदानावर बोलावलं. दुकानाबाहेर मला असं कोणी बोलावत नाही, म्हणून इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. काम सोपं होतं. टायरच्या कडेला खडूने रेघा मारायच्या आणि गाडी परत आली की रेघ कुठपर्यंत पुसली गेली ते पाहून हवा कमी-जास्त करायची. ती आणि तिचा नवरा एकच गाडी आळीपाळीने पळवणार होते.

पहिल्याच वळणाला टायरने असं काही धरलं, की बघणाऱ्यांनी शिट्ट्या मारल्या. गाडीतून उतरता उतरता ती ओरडली, "दादा, कमाल आहे हो!" माझी छाती फुगली, खोटं कशाला बोलू.

शेजारच्या गाडीपाशी एक पिकल्या केसांचे गृहस्थ पाठीवर पिकावर औषध मारायचा पंप लावून आपल्या टायरांवर पाणी मारत होते. मला हसू आलं. विचारलं, "हे काहून?"

"टायर थंड करतोय. तुम्ही घातलाय तोच माझा आहे. हा लवकर तापतो, म्हणून लवकर धरतो. जास्त तापला की मग कोणाचं ऐकत नाही. बायकोसारखा."

मागून त्यांची बायको म्हणाली, "मी पहिल्यापासूनच ऐकत नाही. टायरला कशाला नावं ठेवता?"

आमची दोन माणसं, एक गाडी. टायरला विसावा कुठला? सहाव्या खेपेला नवरा बसला होता. दुसऱ्या वळणावर गाडीचं नाक वळलंच नाही. ती सरळ घसरत गेली आणि तीन शंकू उडवून थांबली.

"तीन!" ती नवऱ्याला म्हणाली. "घरी जाताना सोबत घे, शोकेसमध्ये मांडू."

सगळे हसले. मी टायरवर तळहात टेकवला आणि झटकन काढला. रबर चटका देत होतं आणि बोटांना चिकटत होतं. कडेला मोहरीएवढ्या गोळ्या सुटल्या होत्या. सहा खेपा म्हणजे सहा मिनिटं. ट्रॅकवर वीस मिनिटं सलग, वेग तिप्पट, आणि वळणाबाहेर प्लास्टिकचे शंकू नसतात, भिंत असते.

परतताना ती म्हणाली, "आता ट्रॅकवरही हेच. तुम्ही सांगितलंत म्हणून मी निर्धास्त आहे." मी मागच्या सीटवर बसून खिडकीबाहेर बघत राहिलो. त्यांच्या डब्यातली पोळीभाजी खाऊन आलो होतो आणि तरीही तोंड उघडलं नाही.

सोमवारी सकाळी काकांनी चष्मा लावायच्या आत मी सगळं सांगून टाकलं.

"माहीत नव्हतं तर बोललास कशाला?"

"भीती वाटली."

"कशाची?"

"तुम्ही म्हणाल, नववीतून सुटलेल्याला ठेवलं, चुकलंच."

"ते मी रोज म्हणतो. मनातल्या मनात. त्यासाठी तू वेगळी चूक करायची गरज नाही." त्यांनी त्या ताईंचा नंबर लावला आणि फोन माझ्यापुढे धरला. "मी सांगणार नाही. तू सांग."

मी सांगितलं. मग ती म्हणाली, "दादा, माझी रजा मंजूर झालीये, नाव नोंदवलंय. आता कोणते घालू?"

"मला माहीत नाही, ताई. विचारून सांगतो."

हे वाक्य मी दुकानात पहिल्यांदाच बोललो. काही कोसळलं नाही.

दुपारी काकांनी ड्रॉवरमधली माहितीपत्रकं काढली आणि मला समोरच्या स्टुलावर बसवून एकेक ओळ मराठीत सांगू लागले. "ऐक. 'कमी अंतराच्या स्पर्धांसाठी. सलग वापर टाळावा.' पुण्यातल्या पाटीवरसुद्धा याहून स्पष्ट लिहीत नाहीत." दुसऱ्यात लिहिलं होतं की हा टायर उशिरा तापतो, पहिली फेरी सांभाळून काढावी, पण तापल्यावर पकड टिकते. आकडा एकच, स्वभाव वेगळे. नखाला हे कळणं शक्य नव्हतं. ताईंकडून नंबर घेऊन मी पंपवाल्या गृहस्थांनाही फोन केला. त्यांनी सुरुवातीला हवा किती कमी ठेवायची आणि गाडी थांबल्या थांबल्या, टायर गरम असतानाच हवा का मोजायची, हे न कंटाळता दोनदा सांगितलं. दुसरा सेट काकांनी तिला खरेदीच्या भावात दिला. त्याबद्दल मला आजवर एक शब्दही बोलले नाहीत.

ती ट्रॅकवर गेली त्या दिवशी मी नेहमीसारखं शटर वर केलं. काम करत होतो, पण कान फोनकडे. तिचा उशिरा तापणारा टायर, पहिलंच वळण, तिला आठवेल का, की घाईने जाईल? साडेअकराला फोन वाजला आणि मी पाना ठेवून तो उचलला.

"दादा, पहिली वीस मिनिटं झाली." मागे इंजिनांचा गोंगाट होता. "पहिल्या फेरीत एक आजोबासुद्धा मला मागे टाकून गेले."

"जाऊ द्या त्यांना. हात लावून बघा. रबर चिकटते का?"

"गरम आहे. चिकटत नाही. गोळ्यापण नाहीत."

"हवा मोजली?"

"मोजते." ती वाकल्याचं, मीटर बसवल्याचं ऐकू आलं. तिने चारही चाकांचे आकडे सांगितले. काका गिऱ्हाईक सोडून माझ्याकडे बघत होते. मी आकडे मनात लावून पाहिले. तापून पुढच्या चाकांतली हवा जरा जास्तच वाढली होती, आणि या वेळी काय करायचं ते मला माहीत होतं.

"पुढच्या दोन्ही चाकांतली थोडी काढा," मी म्हणालो. "मी सांगतो किती. फोन ठेवू नका."