मुठीच्या आतली खूण

लालबागेत धारवाले शिवादादा कुठे बसतात विचारलं, की कुणीही चाळीच्या जिन्याखालच्या गाळ्याकडे बोट दाखवतं. शिंप्यांच्या कात्र्या, मटणवाल्यांचे सुरे, घरोघरच्या विळ्या, सगळ्यांना धार लावणारा हा माणूस बोलायला मात्र भलताच कंजूष. बायको गेल्यापासून बहीण सुभद्रा आणि भाची प्राची एवढाच त्याचा गोतावळा.

आणखी एक काम बापाकडून त्याच्याकडे आलं होतं. त्याच्या खांडेवळी समाजात लग्नात दोन्ही घरं आपापली वडिलोपार्जित कट्यार एकमेकांना देतात. सून नांदते तोवर तिच्या माहेरची कट्यार सासरच्या देव्हाऱ्यात राहते, सासरची माहेरी. सून वारली किंवा संसार मोडला, तर ज्याची त्याला परत. लग्नाआधी कट्यार शिवाकडे येते. तो मूठ काढून गंज घासतो. मुठीच्या आतल्या लोखंडावर त्या त्या घराची खूण कोरलेली असते. ती त्याच्याखेरीज कुणी पाहत नाही.

प्राचीचं लग्न चार दिवसांवर आलं होतं. मुलगा विक्रांत, अँटॉप हिलचा. घर वर्षापूर्वीच बडोद्याहून इकडे आलेलं. सकाळी त्याचे वडील मनमोहनराव स्वतः कट्यार घेऊन आले. "आमच्या पणजोबांची आहे, मामा. जपून करा," म्हणाले. शिवाला केवढं बरं वाटलं! त्याने त्यांना चहा पाजला.

दुपारी त्याने मूठ काढली. आत मासा कोरलेला होता आणि त्याच्याखाली तीन ठिपके.

ही गिरगावच्या यशोदाबाईंच्या घरची कट्यार. चार वर्षांपूर्वी त्यांच्या दर्शनाच्या लग्नासाठी त्यानेच ती उजळली होती. ते लग्न बडोद्याला झालं होतं.

स्वतःची कट्यार एका लग्नात देऊन बसलेले लोक दुसऱ्या लग्नात देणार काय? घरात होती तीच उचलली. मुठीच्या आत कुणी बघतं, हे त्या शहाण्यांना ठाऊकच नव्हतं.

त्याने यशोदाबाईंना फोन लावला. "ताई, दर्शना कशी आहे?"

"दुबईला नोकरी लागलीय म्हणतात. दीड वर्ष झालं, तिचा आवाज नाही ऐकला. फोन जावईच घ्यायचे. आताशा तेही घेत नाहीत."

"जावयांचं नाव काय?"

"विक्रांत. का हो, दादा?" आणि तो उत्तर देण्याआधी त्याच म्हणाल्या, "नाही नाही ते मनात येतं बघा. पण कट्यार काही परत आलेली नाही. म्हणजे नांदतेय पोर. तेवढ्यावरच झोप लागते मला."

शिवाने फोन ठेवला. प्राची वाचली, हे आधी मनात आलं आणि त्याची त्याला लाज वाटली.

वर जाऊन त्याने सुभद्राला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "अरे दादा, पत्रिका वाटून झाल्यात."

"पत्रिका गेल्या चुलीत. मनमोहनराव आले तर दार उघडू नकोस."

पोलिसांकडे जायचंच होतं, पण आधी दर्शनाच्या आईला कळायला हवं. कट्यार फडक्यात गुंडाळून तो गिरगावला गेला.

यशोदाबाईंनी दार उघडलं. त्याच्या हातातलं लांबट गाठोडं त्या बघत राहिल्या.

"परत घेऊन जा, दादा," त्या हळूच म्हणाल्या. "मी काही पाहिलं नाही." आणि दार लावून घेऊ लागल्या.