चोथ्याची मात्रा

गेल्या वर्षी मला कॅन्सर झाला होता. निदान माझं मीच केलं होतं.

लालबागच्या आमच्या दोन खोल्यांत गुपित राहूच शकत नाही. तरी आठवडाभर मी आत शिरलो की बायको, मुलगा मंगेश आणि सून स्नेहल एकदम गप्प व्हायचे. त्यात सकाळी सगळ्यांना चहाऐवजी नाचणीचं सत्त्व! (पस्तीस वर्षांत या बाईने माझा चहा चुकवला नव्हता.) मग पिठाच्या डब्याखाली एक कात्रण सापडलं: 'धान्यांच्या सालीतली द्रव्यं कर्करोगाला रोखतील?' शेवटचं प्रश्नचिन्ह मी वाचलंच नाही. महिन्यापूर्वी मंगेशने माझं रक्त तपासून आणलं होतं. सगळं नॉर्मल आहे, म्हणाला होता. म्हणणारच! बापाच्या तोंडावर कोण सांगेल?

मी हादरलो, खोटं कशाला बोलू. पण अक्कलही चालवली. औषध सालीत, आणि ही बाई सत्त्व गाळून चोथा टाकून देते! मी तो चोथा गुपचूप वाटी वाटी खाऊ लागलो. चौथ्या दिवशी पोटाने संप पुकारला. (गिरणगावातलं पोट, मागे हटेना!)

शेवटी जेवताना मी ताट सारून कात्रण पुढे ठेवलं आणि निरवानिरव सुरू केली.

"मी गेल्यावर माझी आरामखुर्ची मंगेशला. लपवू नका आता, मला कॅन्सर आहे हे कळलंय मला."

बायकोने आधी माझ्याकडे पाहिलं, मग कात्रणाकडे. तिने ते उलटं केलं. मागे बाळाचं टोपरं विणायची कृती होती.

"स्नेहलक तिसरो म्हयनो लागलोहा," ती म्हणाली. "तीन पुरे होईसर कोणाक सांगूचा नसता. तिका एकटेक नाचणी दिली तर शेजारी वळखतले, म्हणान सगळ्यांका. आणि खुर्ची आताच जातली. पाळण्याक जागा नको?"

स्नेहलने कात्रण पुन्हा सुलटं करून लेखाची शेवटची ओळ मोठ्याने वाचली: हे प्रयोग अजून प्रयोगशाळेतल्या पेशींवरच झाले आहेत. माझे डोळे भरून आले. आजोबा होणार म्हणून, आणि थोडे पोटामुळेही.

दुसऱ्याच दिवशी खुर्ची गेली. चाळीत विचारणा झाली. पण तीन महिने पुरे व्हायचे होते, त्यामुळे बायकोने सगळ्यांना एकच कारण सांगितलं: यांचं पोट साफ होत नाही, हल्ली यांना बसवतच नाही!