वहिनीची न जुळलेली उत्तरं

नामांतराची वर्षं होती ती. मी सोनपेठला एका दवाखान्यात कारकून होतो. तिथे महिन्यातून एकदा येणाऱ्या डॉक्टरांनी गुडघेदुखीच्या रोग्यांसाठी वीस प्रश्नांचा एक इंग्रजी कागद मराठीत उतरवला होता. हाच कागद त्यांच्या मित्राने आखातात अरबीत करून घेतला होता. तिथे नमाजाला बसताना दुखतं का, असं विचारत. आमच्याकडे त्या जागी चुलीपुढे बसणं आलं. कागद चालतो का, हे तपासायचं काम माझ्याकडे होतं. प्रत्येकाला आठ दिवसांच्या अंतराने दोनदा विचारायचं आणि उत्तरं ताडून पाहायची. ज्यांना फार दुखतं, त्यांना डॉक्टर पुढच्या फेरीत तपासणार होते.

मला भलताच रुबाब चढला. सुरुवात घरापासूनच केली. वडील ओसरीवर सुपारी कातरत बसले होते. थोरली वहिनी पदर सावरून दाराआड उभी राहिली. खाली बसताना दुखतं का? न्हाई. उठताना? न्हाई. वीसही प्रश्नांना न्हाई. दहा मिनिटांत एक कागद पुरा झाला म्हणून मी खूश.

आठ दिवसांनी ती रानात एकटीच कापूस वेचत होती. बांधावर उभं राहून मी तेच प्रश्न विचारले.

"लय दुखतंय, भाऊजी. सकाळी तर भिंतीला धरूनच उठायलेय."

"मग मागं न्हाई कामून म्हणलात?" मी तिच्यावरच खेकसलो.

"मामाजी बसले व्हते की. त्यांच्या म्होरं कसं सांगावं?"

सासऱ्यासमोर सून अंगाचं दुखणं काढत नाही, हे मला काय ठाऊक नव्हतं? तरीही दोन्ही कागद जुळेनात म्हणून मी वर 'बाद' लिहिलं. घरच्या माणसाला झुकतं माप दिलं, असं कुणी म्हणायला नको. तपासणीच्या यादीत वहिनीला घेतलं नाही.

डॉक्टरांची बदली झालेली, ती त्यांची शेवटचीच फेरी. यादी संपल्यावर त्यांनी बाद कागद मागितले. वहिनीचा कागद दोनदा वाचला आणि मला काय झालं ते विचारलं. मी सांगितलं.

"अहो, परीक्षा कागदाची होती, बाईंची नव्हे. कुठे विचारलं की बाई खरं सांगत नाही, हेच मला हवं होतं. आणा त्यांना, आत्ता पाहतो."

बंदमुळे संध्याकाळच्या गाड्या नव्हत्या. त्यांची एसटी तासाभरात सुटणार होती. मी सायकल दामटत रानात गेलो. वहिनी तशीच निघाली, पण गुडघा वाकेना, सायकलवर बसता येईना. आम्ही चालत निघालो. निम्म्या वाटेवर समोरून एसटी धुरळा उडवत निघून गेली.

"चला माघारी, भाऊजी. सैपाकाचा टाइम होयलाय," ती म्हणाली आणि वळली.

मी सायकल ढकलत तिच्या मागून चाललो. डावा पाय ती ओढत होती, दर दहा पावलांवर थांबत होती. आठ वर्षं एका घरात राहून मी तिला चालताना त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.