तळ्याकाठचं गाव

दर हिवाळ्यात एका रविवारी आमच्या भिलाईतल्या मराठी मंडळाची तळ्याभोवती फेरी निघायची. तळं लहानच, सेक्टरच्या मागे. सगळ्यांच्या पुढे बाबा चालत. ते प्लांटच्या ऑफिसात हेडक्लार्क होते आणि तळ्याचा इतिहास सांगायचं काम त्यांनी आपणहून अंगावर घेतलं होतं. तळ्याच्या पाळीवर, बांधावर उभं राहून, प्लांटच्या दूरच्या धुराड्यांकडे हात करून ते म्हणत, "आपण आलो तेव्हा इथं काहीच नव्हतं. नुसतं माळरान." सगळे माना डोलवत.

मी नववीत होते त्या वर्षीच्या फेरीत पलीकडच्या टोकाला, कडुनिंबाखालच्या शेंदूर फासलेल्या दगडावर एक म्हातारी पाणी घालत होती. सुपेल्याच्या बाजारात ती भाजी घेऊन बसे, आई तिच्याकडूनच घ्यायची. बाबांचं बोलणं तिच्या कानावर गेलं.

"हमर गांव रिहिस साहेब, इहां," ती म्हणाली. दगडाला हात लावून तिनं सांगितलं की इथं त्यांचं गाव होतं आणि ही त्या गावची माता.

बाबा आमच्याकडे वळून मराठीत म्हणाले, "चार झोपड्याइले गाव म्हणते." मंडळी हसली.

आई हसली नाही. तिचं माहेर भंडाऱ्याकडचं, धरणाच्या पाण्याखाली गेलेलं. घरात तो विषय कधी निघत नसे. त्या दिवशी सगळ्यांदेखत ती म्हणाली, "माझ्या माहेरीबी काहीच नव्हतं का हो?"

"ते वेगळं. इथं कावून काढून राहिली तू हे?"

"तुमालेच विचारून राहिली. वरात घेऊन आले होते ना तुमी तिथं."

बाबा पुढे निघाले, मागोमाग मंडळी. आई म्हातारीजवळ जमिनीवर बसली, आणि मीही. म्हातारीनं विहीर कुठं होती, तिचं घर कुठं होतं ते हातानं दाखवलं. घराच्या जागी आता क्लबचं मैदान होतं. मग आई बोलायला लागली. घरामागची बोडी म्हणजे छोटं तळं, तिच्या काठचं आंब्याचं झाड, पाणी चढायच्या आधी आजोबांनी उतरवून नेलेली दारं. हे सगळं मी पहिल्यांदाच ऐकत होते, तेही आई एका परक्या बाईला सांगत असताना. उठताना आईनं त्या दगडावर पाणी घातलं.

"चार लोकांत माझी इज्जत काढली," बाबा घरी म्हणाले. पुढे कितीतरी दिवस ते आईशी माझ्यामार्फत बोलत होते. पुढच्या हिवाळ्यात तिला फेरीला चल म्हणून कुणी म्हटलं नाही.

नंतर तळ्याभोवती पक्का रस्ता झाला. त्यात मातेचा दगड उचलला गेला; कुठं टाकला, कुणालाच ठाऊक नव्हतं. म्हातारीही बाजारात दिसेना. आई तिच्या जागेशेजारच्या बायकांना विचारत राहिली. एक म्हणाली लेकीकडे गेली, दुसरी म्हणाली मेली.

रस्त्याच्या उद्घाटनाला बाबांनी इतिहास सांगितला. आई गेली नाही. संध्याकाळी घरी येऊन ते गळ्यातला हार खुंटीला अडकवून जेवायला बसले.

"भाषण चांगलं झालं," ते म्हणाले.

आईनं भात वाढला आणि आत निघून गेली. त्यानंतर पुष्कळ वर्षं ती दोघं एका घरात राहिली. माहेराबद्दल ती त्यांच्यापुढे पुन्हा कधी बोलली नाही, आणि त्यांनीही विचारलं नाही.